बहिणीच्या तोंडी घातलेलं वाक्य

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला, माझी मोठी बहीण नऊ देशांतल्या माणसांसमोर बोलते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ती उभी असते, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, उन्हानं डोळे बारीक झालेले. बोलते एवढंसंच. खाली इंग्रजी अक्षरं उमटतात. लोक वाचतात, कुणी मान डोलावतं, कुणी हृदयाचं चिन्ह पाठवतं. ती खरोखर काय म्हणते हे, त्यांच्यात मराठी कळणारं कुणी नव्हतं म्हणून, पुष्कळ महिने कुणालाच कळलं नाही. मला कळत होतं. खालची अक्षरं मी लिहिली होती आणि ती खोटी होती.

ही गोष्ट मी पुष्कळ दिवस बायकोलाही सांगितली नाही. मी मुळात कमी बोलणारा. नोकरी मात्र बोलायची मिळाली. कंपनी मोठी, देशोदेशी तिचे गट, आणि माझ्याकडे खातं डायव्हर्सिटी आणि इन्क्लूजनचं. गावातल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. त्यांनी एकदा पाळीवर बसल्या बसल्या मला विचारलं होतं, "म्हंजे तू करतं तरी काय?"

"कामावर कोनाले डावलत तर नाही ना, ते पाहतो."

"अन् डावललं तं?"

"मंग ट्रेनिंग देतो."

"कोनाले? डावललं त्याले, का डावलनाऱ्याले?"

सगळे हसले. मीही हसलो.

आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारा समाज. गाव पवनी तालुक्यात, कोंढ्यापासून थोडं आत. गावाला मालगुजारीच्या काळातला तलाव आहे, इकडे अशा तलावांना सगळे मामा तलाव म्हणतात. त्या तलावावर आमच्या समाजाच्या संस्थेचा हक्क आहे. मी शिकून पुण्याला गेलो, वीस वर्षं राहिलो, आणि लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा भंडाऱ्याला परत आलो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत माझं ऑफिस. तिथून गाव मोटारसायकलनं तासाभराचं. एवढं जवळ असून मी गावाला पाहुण्यासारखा जात असे, हेही कबूल करून टाकतो.

या खात्याचा प्रमुख निवडायचा होता तेव्हा आम्हा उमेदवारांना एक काम दिलं होतं. न्याय म्हणजे काय हे आयुष्यात पहिल्यांदा कुठे पाहिलंत, ते सांगा. बाकीचे शाळा, वकील आजोबा, खेळाचं मैदान असं काहीबाही बोलले. मी मासळीच्या वाट्यांबद्दल बोललो.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं ओढतात, तिला आम्ही ओढ म्हणतो. माणसं दोन्ही बाजूंनी छातीभर पाण्यात उतरतात आणि जाळं काठाकडे आणतात. मोठा माल व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. उरलेल्या मासळीचे पाळीवर, पळसाच्या पानांवर वाटे घालतात, जितके सभासद तितके. कितीही डोळ्यांत तेल घालून घातले तरी दोन वाटे सारखे होत नाहीत. मग एक म्हातारा वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर काठी टेकवतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस एक नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. कुरकुर नाही, बदलून मागणं नाही. लहानपणी मला वाटायचं, जगात याहून सरळ काही नसेल.

ते ऐकून हजारो मैलांवर बसणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी, त्यांना मी वरच्या बाई म्हणतो, ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला ती जागा मिळाली. पुढे आम्ही कंपनीत तीच रीत आणली. चांगली कामं वाटताना नावं झाकायची, निवडणाऱ्यानं पाठ करायची. ते चाललंही. ज्यांना कधी चांगलं काम मिळत नव्हतं त्यांच्यातल्या काहींना मिळालं. सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही.

पण एक मी सांगितलं नव्हतं. वाटा फक्त सभासदाचा, आणि सभासद फक्त पुरुष. पावसाळाभर जाळं विणतात, सांधतात बायका, पण ओढीच्या सकाळी जाळ्यासमोर नारळ फुटला की त्याला बाईचा हात लागायचा नाही. लागला तर जाळं रितं येतं म्हणतात. आणि जो पाण्यात उतरत नाही त्याला वाटा नाही. म्हणजे बाईनं वाटा मागितला की तू पाण्यात कुठं उतरतेस, आणि उतरते म्हटलं की तुझा हात जाळ्याला लागेल. हे चक्र मला लहानपणापासून माहीत होतं. त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नव्हतं. घरातल्या खांबाला आपण वळसा घालून जातो, तसं ते.

माझ्या मोठ्या बहिणीला, तिला मी बाई म्हणतो, गावातच दिलं. भाटवे, म्हणजे तिचा नवरा, सभासद होते. किडनीच्या दुखण्यात ते गेले. संस्थेनं एक वर्ष त्यांचा वाटा तिच्या घरी पोचवला, मग बंद केला. रीतच तशी. तेव्हापासून तिला बाजारात विकायची मासळी व्यापाऱ्याकडून तो म्हणेल त्या दरानं घ्यावी लागे, आणि शेजारी स्वतःच्या तलावाची मासळी टोपलीत घेऊन बसलेल्या जावेशी भावात टक्कर द्यावी लागे. ती टिकणार नव्हती. तिनं संस्थेकडे अर्ज केला. नवऱ्याची जागा मला द्या, मी पाण्यात उतरायला तयार आहे, असं लिहिलं. गावात असा अर्ज पहिलाच.

त्याच सुमारास कंपनीला ओढीच्या दिवसाचं चित्रीकरण हवं होतं. नव्या माणसांना पहिल्याच महिन्यात दाखवायला. वरच्या बाईंनी अर्धं वर्ष आधीपासून सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मी परवानगी मागायला काकाजींकडे गेलो.

काकाजींनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "कॅमेरे कितीक येतीन?"

"दोन. नागपूरची मानसं आहेत. अन् एक बाई तिकडून व्हिडिओवर पाहतीन."

"येऊ दे. पन माहं एक काम कर." त्यांनी बाईचा अर्ज माझ्यासमोर टाकला. "याले उत्तर लिवाचं आहे. नाही म्हनलं तं तालुक्याले जाते, हो म्हनलं तं उद्या नवरा मेलेल्या अकरा बायका उभ्या रायतेत. वाटे किती बारीक होतीन, सांग. पोरं मारतीन मले. असं लिव का नाही बी दिसू नये अन् हो बी नोहे. तुले येते ते. तुहा तं रोजचा धंदा आहे."

मी म्हणालो, "काकाजी, ते बाईचं आहे."

"म्हनून तं तुले सांगतो. दुसरा लिवन तं तिले लागन."

मी नाही म्हणू शकलो असतो. चित्रीकरण गेलं असतं, वरच्या बाई नाराज झाल्या असत्या, कदाचित माझी जागाही गेली असती. कदाचित नसतीही गेली. मी तेवढा हिशोबसुद्धा केला नाही. त्याच दुपारी, ज्या लॅपटॉपवर मी लोकांना डावलू नका म्हणून शिकवतो, त्याच्यावर लिहिलं: "अर्जदार महिलेच्या भावनांचा संस्था मनःपूर्वक आदर करते. तथापि ओढीच्या कामातील जोखीम लक्षात घेता, महिलांसाठी सुरक्षित व सन्मानपूर्वक भूमिका निश्चित होईपर्यंत सदर अर्ज प्रलंबित ठेवण्यात येत आहे."

अशी पत्रं मी कामावर शेकड्यानं वाचली आहेत. आमच्या प्रशिक्षणात एक तास याच्यावरच असतो, की "प्रलंबित" म्हणजे गोड आवाजातला नकार आणि तो कसा ओळखावा. मला तो लिहायला पंधरा मिनिटं लागली. वाचून पाहिलं तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण जमलंय असं वाटलं.

ओढीचा दिवस उजाडला. नारळ फुटला, माणसं उतरली, जाळं आलं. वाटे पडले. म्हातारा पाठमोरा उभा राहिला, काठी टेकत गेली, नावं निघत गेली. मी फोन हातात धरून वरच्या बाईंना सगळं दाखवत होतो. त्या म्हणाल्या, फार सुंदर. मग म्हणाल्या, बायका कुठे आहेत?

मी फोन वळवला. बायका पाळीच्या वरच्या अंगाला टोपल्या घेऊन बसल्या होत्या. बाई सगळ्यांत पुढे, नेमकी उभी. वरच्या बाई म्हणाल्या, त्यांना विचारा ना, हे पाहून त्यांना काय वाटतं. कॅमेरावाला आधीच तिकडे निघाला होता.

मी विचारलं, "बाई, त्या विचारून रायल्या का हे पाहून तुले कसं वाटते."

ती कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे पाहत बोलली. आवाज चढवला नाही. "मले काय विचारता, याले विचारा. माह्या मानसाचा वाटा यानंच लिवून बंद केला, अन् आता मले हसाले लावते."

उत्तर आदल्याच दिवशी तिच्या हातात पडलं होतं. काकाजींनी वाचून दाखवलं आणि वर सांगितलं, तुह्या भावानंच लिवलं, चांगलं लिवलं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की तिला ठाऊक आहे.

फोनमधून वरच्या बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या?

मी इंग्रजीत सांगितलं, "आमच्या गावात कुणाचा वाटा चुकत नाही याचा तिला अभिमान आहे."

बाईला इंग्रजी येत नाही. पण तिनं माझं तोंड पाहिलं आणि टोपली उचलून ती खाली गेली. तीच अक्षरं पुढे मी माझ्या हातानं चित्रफितीखाली घातली. भाषांतर करणाऱ्यांकडे काम जाऊ दिलं नाही. खर्च वाचवतो म्हणालो. नागपूरच्या कॅमेरावाल्यांना सगळं कळलं होतं, पण ते पैसे घेऊन मोकळे झाले.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. राखीला मी गेलो, तिनं राखी बांधली, चहा दिला, माझ्या पोरीची परीक्षा विचारली. आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यांत जड जाते. बाबा वारले तेव्हा त्यांची जागा आपोआप माझ्या नावावर आली. मी अर्ज केला नव्हता. जाळ्याला मी मोठेपणी कधी हात लावला नाही, पाण्यात उतरलो नाही, ओढीच्या दिवशी बहुतेक वेळा भंडाऱ्यातच असतो. तरी दरवर्षी पाठमोरा म्हातारा माझं नाव घेतो. तो वाटा साफ करून, हळदमीठ लावून, डब्यात बर्फ घालून एसटीनं भंडाऱ्याला पाठवते ती बाई. त्या वर्षीही पाठवला. आम्ही खाल्ला.

मंगळवार येत राहिले. मी बोलायला सुरुवात करायचो, चित्रफीत लागायची. माझा कॅमेरा चालू असतो, प्रमुखाचा बंद ठेवून चालत नाही. तिचं बोलणं कितीही वेळा ऐकलं तरी "याले विचारा" म्हटलं की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावतो. लोकांना ती माझी सवय वाटते. ही फीत काढून टाकावी म्हणून मी दोनदा सुचवून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की सगळ्यांना सर्वांत जास्त हीच आवडते.

मग नागपूरच्या ऑफिसात नव्यानं लागलेली एक मुलगी एका मंगळवारी हजर होती. संपल्यावर तिनं मला एकट्याला लिहिलं, "सर, एक विचारू? त्या मावशी तसं नाही म्हणत ना. मी लाखांदूरची आहे, आमच्याकडे असंच बोलतात." पाठोपाठ दुसरं, "भाषांतर करणाऱ्यांची चूक असेल. मी दुरुस्त करून देऊ का?"

मी लिहिलं, "नको, मी पाहतो."

तीन आठवड्यांनी तिनं परत विचारलं, दुरुस्त झालं का. मी लिहिलं, "प्रोसेसमध्ये आहे." ते पाठवल्यावर मला ओळखू आलं की हे तेच पत्र आहे, फक्त आखूड.

त्याच दिवसांत तिचं नाव माझ्या गटात घेण्यासाठी माझ्याकडे आलं होतं. कामाला चांगली होती. मी तो फॉर्म आठवडाभर तसाच ठेवला. मनात कारण तयारही झालं होतं, जरा घाई करते, अजून वर्षभर पाहू. ते वाक्य टाईप करून झालं आणि बोट थांबलं. बाईचं मी एकदा केलं होतं. हे दुसरं होणार होतं, आणि तिसरं करायला मला काहीच वाटलं नसतं.

फॉर्म मंजूर केला. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तो डबा आपण कोणत्या तोंडानं खात होतो?" दुसऱ्या दिवशी वरच्या बाईंना फोन लावून सांगितलं. पत्र, अर्ज, अक्षरं, काही राखलं नाही. राजीनामा देतो म्हणालो. त्यांनी सगळं टिपून घेतलं. मग म्हणाल्या की हे तर फार मोठं धैर्य आहे. राजीनामा नको. फीत काढायचीही नाही. जुनी अक्षरं आणि खरी अक्षरं शेजारी शेजारी दाखवू आणि मधे तुम्ही बोला. यातून लोक पुष्कळ शिकतील.

म्हणून आता पहिल्या मंगळवारी फीत दोनदा लागते. खरी अक्षरं आली की लोक सुन्न होतात, मग मला लिहितात, प्रामाणिकपणाबद्दल आभार. सुटायला गेलो होतो. आता त्याच खुर्चीत आणखी घट्ट बसलोय, आणि हृदयं पहिल्याहून जास्त येतात.

हे मी गावाला जाऊन बाईला सांगितलं. ती अंगणात जाळं सांधत होती. संस्थेचंच जाळं.

"कोनाले सांगतलं म्हनतं?"

"सगळ्यायले. नऊ देशात."

तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "अन् गावात?"

मी चप्पल काढून ओट्यावर बसलो.

"तिकडच्यायले सांगून मले काय भेटते बाबू? ते येतीन का माह्यासाठी पान्यात उतराले?" मग जाळ्यावरून नजर न काढता, "तिकडं सोपं असन. तिकडं तुले कोनी लहानपनापासून पाहलं नाही."

संस्थेची सभा मार्चमध्ये, शाळेच्या व्हरांड्यात झाली. नऊ देशांसमोर बोलणारा मी तिथं व्हरांड्याचा खांब धरून उभा राहिलो. म्हणालो की बाईच्या अर्जाचं उत्तर मी लिहिलं, माझ्या कामासाठी लिहिलं, ते चूक होतं. मी कधी पाण्यात उतरलो नाही तरी मला वाटा मिळतो. माझी जागा मी सोडतो, ती बाईला द्यावी.

कुणी रागावलं नाही. काकाजी म्हणाले, "सोडतो म्हनतं? लिवून दे."

मी तिथंच लिहून दिलं. मिनिटभरात ठराव झाला, सगळ्यांचे हात वर. एक सभासद कमी म्हणजे प्रत्येकाचा वाटा तेवढा मोठा, हे मला हात वर झाल्यावर सुचलं.

"अन् बाईचं?" मी विचारलं.

काकाजींनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं, "सुरक्षित व सन्मानपूर्वक भूमिका निश्चित होईपर्यंत." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अजून निश्चित नाही झाली ना बापा. तूच लिवलं आहे. अन् हा कागद आता आपलाच नाही रायला. बाजूच्या दोन गावच्या संस्थायनं उतरवून नेला. तिकडं बी बायका अर्ज करून रायल्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "सायेबाचं ड्राफ्टिंग पक्कं आहे." या वेळी मला हसता आलं नाही.

यंदाच्या ओढीला मी गेलो. पाळीच्या वरच्या अंगाला बाईजवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या वयाचे सगळे पाण्यात. जाळं आलं, मग खाली काठी टेकत गेली, नावं निघत गेली. बाबांच्या जागेचं नाव आता नव्हतं, भाटव्यांचंही नव्हतं.

बाजूच्या जावेनं बाईला विचारलं, "भाऊ काहून इकडं? यांचा वाटा नाही का आता?"

"नाही," बाई म्हणाली. "माहा गेला त्यानं लिवला, त्याचा गेला त्यानंच लिवला. लिवनं चांगलं आहे त्याचं."

जाऊ तोंडाला पदर लावून हसली. बाईसुद्धा हसली, थोडीशी. वाटे उचलून झाले. तिनं व्यापाऱ्याच्या गाडीपाशी जाऊन त्यानं सांगितलेल्या दरानं टोपली भरून घेतली आणि परत आली.

"तुह्या त्या मशीनवर अर्ज लिवून दे मले," ती म्हणाली. "नवा. अन् सादा लिव."

मी लिहिला. दोन ओळींचा. माझ्या नवऱ्याची जागा मला द्या. मी पाण्यात उतरते. तिनं वाचला, सही केली आणि स्वतः काकाजींच्या हातात दिला. त्यांनी घडी करून खिशात घातला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "उत्तर तूच लिवशीन ना?"

मी म्हणालो, नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा. परवा कळलं, उत्तर लिहून घ्यायला काकाजी पवनीच्या एका वकिलाकडे दोनदा जाऊन आले.